वरीलपैकी कोण

चौथ्या प्रश्नात मी नव्हते. प्रश्न साधा होता, इंग्रजीत होता, आणि त्याचा अर्थ एवढाच की वर लिहिलेल्यांपैकी घरात रोजचा स्वयंपाक कोण करतं. खाली चार नावं होती आणि प्रत्येक नावाच्या अलीकडे एक पोकळ गोल. येसाजीराव, नंदकिशोर, शंभूराज, भूमिका. सासरे, नवरा, मुलगा, मुलगी. यातल्या एका गोलात टिंब उमटवल्याशिवाय पुढचं पान उघडायला ते यंत्र तयार नव्हतं. मी पान खाली सरकवून बघितलं, वर सरकवून बघितलं, चार म्हणजे चारच. मामंजींचा उजवा हात दोन वर्षांपासून उचलत नाही. नंदकिशोरांना चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते ठाऊक नाही. शंभूराज पंधरा वर्षांचा झाला, भूक लागली की ‘अम्मा’ अशी हाक मारतो आणि तेवढंच त्याला स्वयंपाकातलं येतं. भूमिका बारा वर्षांची आहे. मग गेली सतरा वर्षं जे. पी. नगरच्या त्या घरात पहाटे उठून ओट्यापाशी जी बाई उभी असते ती कोण, असं मला त्या पडद्याला खडसावून विचारावंसं वाटलं. खोलीत वातानुकूलनाची घरघर चालली होती. आमच्या विभागात चपला बाहेर काढून आत यावं लागतं, यंत्रांना धूळ चालत नाही म्हणून. फरशी गार पडली होती आणि माझ्या तळपायांतून तो गारठा वर चढत होता, आणि कान मात्र तापले होते.

हा अर्ज काही गंमत म्हणून भरत नव्हते मी. अकरा वर्षं मी या कंपनीत आकडे आणि नावं भरते. यंदा तर दोन हजार साल उजाडायच्या आत यंत्रांतल्या सगळ्या तारखा नीट झाल्या पाहिजेत म्हणून आमच्या विभागानं मान मोडेस्तोवर काम केलं, आणि परवा नोटीस लागली की मार्चमध्ये हा विभागच बंद. आमच्यातल्या तिघांना मैसूरच्या केंद्रात नऊ महिने ठेवून सॉफ्टवेअर तपासायचं काम शिकवणार, बाकीच्यांनी आपापलं बघावं. अर्ज कागदावर नाही, ऑफिसच्या नेटवर. शेवटची वेळ आज पाच. मला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे अशी, की नोटीस वाचल्यापासून दोन दिवस मी बसमध्ये खिडकीपाशी बसून मैसूरची खोली मनातल्या मनात लावत होते, एक खाट, एक टेबल, टेबलावर माझी पुस्तकं. मी इथं आल्यावर आठ दिवसांत कागदावरची चूक नजरेनं टिपायला शिकले होते, अकरा वर्षांत माझ्या हातून गेलेल्या नोंदींत चूक निघाली असेल तर हाताच्या बोटांवर मोजावी. चूक शोधायचंच तर काम आहे ते. मला नाही घेणार तर कोणाला? आणि तेच सगळं आता स्वयंपाक कोण करतं या एका गोलापाशी येऊन अडकलं होतं.

शेवटी मी योगीराजना हाक मारली. हा अर्ज त्यांनी बनवला होता. बेळगावकडचे, पस्तिशीचे, डोक्यावरचे केस लवकर गेलेले, माणूस वाईट नाही, पण आपण केलेल्या वस्तूवर फार जीव. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "अण्णा, ह्यात माझं नाव नाही." त्यांनी वाकून बघितलं आणि हसले. "तुमी घातलंच न्हाई की ओ अक्का. पयल्या प्रश्नाला बघा, घरात कोण कोण हाईत म्हणून विचारलंय. तुमी चार नावं घातलासा, तीच चार पुढं येणार. मशीन काय मनानं घालतंय होय?" मग त्यांना राहवेना, ते समजावूनच सांगू लागले. एकदा लिहिलेलं माणसाला पुन्हा लिहायला लागू नये, म्हणून मागचं उत्तर उचलून पुढच्या प्रश्नाला पर्याय म्हणून मांडायची ही सोय त्यांनी स्वतः बसवली होती, दोन रविवार घालवून. "टायपिंगची चूक होत न्हाई, काय न्हाई. परसूनं बघा, चार मिंटात भरलं सगळं." परसू माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतो, हुबळीचा. त्यानं मान वर करून अभिमानानं सांगितलं की त्याला काहीच अडचण आली नाही. मी विचारलं, पहिल्या प्रश्नाला तू काय लिहिलंस? तर म्हणाला, "पहिल्या ओळीत माझं नाव, मग पवित्राचं, मग पोरांची." पहिल्या ओळीत स्वतःचं. आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना? "पवित्रा, पवित्रा, पवित्रा," म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला. मला त्याचा राग आला, मग पवित्राची दया आली, मग त्या दयेचाच राग आला, कारण तिचं नाव निदान यादीत तरी होतं.

मी का नाही लिहिलं माझं नाव? कोणी घरात कोण कोण म्हणून विचारलं तर आपण काय सांगतो? सासरे असतात, हे असतात, दोन मुलं. आपल्याला कोण मोजतं त्यात? मी लहान असताना चिकपेटच्या बोळातल्या आमच्या घरी समाजाच्या मंडळातले दोन गृहस्थ मोठी वही घेऊन आले होते. घरटी माणसं मोजून त्यांना पुस्तक छापायचं होतं, बेंगळुरात आपण मराठी लोक किती उरलो ते. तीनशे वर्षं या गावात राहून ज्यांना अजून शेजारी ‘नेटिव कुठलं’ म्हणून विचारतात अशा आम्हा लोकांना मोजून घ्यायची भारी हौस. वडील घरी नव्हते. आई, मथुराबाई तिचं नाव, ओले हात पदराला पुसत दाराशी आली आणि तिनं बोटं दुमडत नावं सांगितली. आजोबा, वडील, काका, आम्ही तिघं. सहा. मी तिच्या कमरेपाशी उभी होते. एका गृहस्थानं विचारलं, "तुम्हाला धरून ना, अक्का?" आणि आई हसली. मला ते हसू अजून दिसतं, लाजल्यासारखं, काही तरी चेष्टेचं विचारल्यासारखं. म्हणाली, "मी कुठं जाते? मी आहेच की." आता या उत्तरातून त्या भल्या माणसानं काय घ्यायचं ते घेतलं, आणि वहीत सहाच लिहिले. वर्षानं पुस्तक आलं. आमच्या घरासमोर सहा नावं. वडिलांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे पोट धरधरून हसले, आई सगळ्यांत जास्त. कोणी मंडळात जाऊन ते दुरुस्त करून आणलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पुस्तक माहेरी फळीवर असेल अजून. मला तेव्हा हसू आलं होतं, आणि आज या गार खोलीत, ऐन साडेतीन वाजता, त्या हसण्याची इतकी चीड आली की माझ्या हातातला माउस टेबलावर आपटला गेला. योगीराज म्हणाले, "स्वल्प हळू अक्का, नवीन हाय ते."

ते म्हणाले तसं मी मागे गेले. पहिल्या प्रश्नाच्या पाचव्या ओळीत लिहिलं, संध्या. पाचव्याच, का कोण जाणे, वर जागा करून घ्यावी असं सुचलंच नाही. आणि काय चमत्कार, चौथ्या प्रश्नात मी आले. सगळ्यांच्या खाली, पण आले. मला त्या नावाकडे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. स्वयंपाक, संध्या. घरातल्या आजारी वा वृद्ध माणसाचं कोण बघतं, संध्या. मामंजींना उठवणं, पुसणं, त्यांच्या औषधाच्या वेळा, सगळं संध्या. मुलांचा अभ्यास आणि शाळा, संध्या. घरातली इतर कामं, संध्या. मी टिंबामागून टिंब देत गेले आणि माझा ऊर भरून येत गेला. इतक्या वर्षांत कोणी तरी ओळीनं विचारलं होतं आणि मी ओळीनं खरं सांगत होते. शेवटचं बटण दाबलं. पान उघडायला वेळ लागला. मग वर एक पिवळी पट्टी आली. घरची जबाबदारी संपूर्णपणे उमेदवारावर आहे, पर्यायी व्यवस्था नाही, अर्ज पुढे पाठवता येत नाही.

मी ते तीनदा वाचलं. योगीराज अजून मागेच होते, आता जरा ओशाळले. "ते मी न्हाई अक्का, सायबानी घालाय लावलंय. मागल्या बॅचला दोघी अर्ध्यातनं घरला परत आल्या, कुणाची सासू पडली, कुणाचं काय. सीट वाया गेली. म्हणून घरचं आधीच विचारून घ्यायचं म्हणाले." मी म्हटलं, "म्हणजे जी यादीत नाही तिला मोजत नाहीत, आणि जी आहे तिला घेत नाहीत." ते म्हणाले, "मशीनला काय कळतंय ओ, तुमी जे दिलासा तेच तुमास्नी परत देतंय," आणि फोन वाजला म्हणून आपल्या जागेवर गेले. हे वाक्य त्यांनी साध्या मनानं टाकलं, पण ते मला लागलं. मी दिलं तेच मला परत मिळतंय. विसाव्या वर्षी वडिलांनी विचारलं होतं, पुढं शिकतेस का हे स्थळ बघायचं, आणि मी म्हणाले होते, तुम्ही म्हणाल तसं. बस्स, तेवढंच उत्तर दिलं होतं मी, आणि त्यानंतर मला कोणी जे जे विचारलं ते त्याच उत्तरातून काढून विचारलं. भाजी वांग्याची करू का कोबीची. आधी मामंजींचं पथ्य का आधी मुलांचा डबा. सुट्टी घेतेस का बिनपगारी रजा. पर्याय होते, नव्हते असं कसं म्हणू, पण सगळे माझ्याच एका जुन्या वाक्यातून उचललेले. आणि त्यातून एक निवडलं की आपण किती समजूतदार म्हणून लोकांनी कौतुक करायचं. विभाग बंद होणार हे ऐकल्यावर नंदकिशोर काय म्हणाले? म्हणाले, "सरी, ठीक, बरंच झालं, आता घरी अण्णांकडे नीट बघता येईल तुला." अण्णा म्हणजे त्यांचे वडील, माझे मामंजी. मैसूरचं मी त्यांना अजून बोललेच नव्हते.

चार वाजून गेले होते. मी पुन्हा मागे गेले आणि पाचवी ओळ पुसली. माझं नाव माझ्याच हातानं एकेक अक्षर मागून खाताना मला घाणेरडं वाटलं, पण पुसलं. पुन्हा चार नावं, चार गोल. स्वयंपाक. या वेळी मी विचार न करता टिंब दिलं आणि पुढं गेले. आजारी माणसाचं कोण बघतं. टिंब. मुलांच्या शाळेचं. ते नंदकिशोरांच्या नावावर ठेवलं, सही तरी ते करतातच प्रगतिपुस्तकावर. इतर कामं. टिंब. बोट भराभर चाललं होतं, अकरा वर्षांची सवय आहे त्याला. शेवटचं बटण दाबण्याआधी मी, नेहमी करते तशी, भरलेलं पान वरून खाली एकदा तपासलं. स्वयंपाक, भूमिका. मामंजी, भूमिका. इतर कामं, भूमिका.

कोणी भरलं हे? मी क्षणभर खरंच परसूकडे बघितलं, त्यानं काही चावटपणा केला की काय म्हणून. तो तर जागेवर नव्हता. मीच भरलं होतं. माझ्या बोटाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं, ते आपलं आपण चौथ्या नावावर जाऊन बसलं होतं. मामंजींच्या अंगावरून ओला पंचा फिरवणारी भूमिका मला दिसली, मान वळवून, नाक न मुरडता, कारण ती तशी गुणाची आहे. भात उतरवताना जळलेलं तिचं मनगट दिसलं. आणि मला सांगायची लाज वाटते, पण त्या चित्राचं मला आश्चर्य वाटलं नाही. शंभूराज तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, आजोबांना एका हातानं उचलेल असा दणकट, रोज संध्याकाळी मैदानावर बॅट घेऊन. त्याचं नाव तिच्या नावाच्या लगेच वर होतं. बोट त्यावर थांबलं सुद्धा नव्हतं. इतका वेळ मी त्या यंत्रावर, साहेबावर, परसूवर, वडिलांवर, गेलेल्या आईवर दात-ओठ खात होते, आणि माझ्याच हातानं माझ्या पोरीला त्या दाराशी नेऊन उभं केलं होतं. माझी मलाच शिसारी आली. संताप म्हणतात तो हा, बाकीची नुसती चिडचिड होती. मी एकेक टिंब काढलं. स्वयंपाक, नंदकिशोर. मामंजींचं सगळं, शंभूराज. शाळा, नंदकिशोर. इतर कामं, शंभूराज. साफ खोटं. अकरा वर्षांत मी या खोलीत एक नोंद खोटी भरली नाही, त्या दिवशी चार भरल्या आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. अर्ज स्वीकारला आहे. छापील प्रत काढावी, निवडलेल्या व्यक्तींनी आपापल्या नावापुढे सही करावी, उद्या सकाळी दहाच्या आत आणून द्यावी.

दोन बस बदलून घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. वाटेत मी काय काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते, दर स्टॉपला नवीन सुरुवात. घरी आल्यावर त्यातलं काहीच उरलं नाही. मामंजींना बसतं केलं, कुकरमध्ये डाळ-तांदूळ चढवले, आणि कागद जेवायच्या टेबलावर नंदकिशोरांच्या समोर ठेवला. शंभूराजालाही बसवलं. सगळं सांगितलं, विभाग, मैसूर, नऊ महिने, जानेवारीपासून. नंदकिशोरांनी चष्मा लावून कागद वाचला आणि आधी हसले.

"हे काय गं, मी स्वयंपाक करतो म्हणून लिवलंस?"

"हो."

"कधी केलाय?"

"जानेवारीत कराल."

"स्वल्प समजेल असं बोल की. आणि हा, हा अण्णांचं बघतो? हा?" त्यांनी शंभूराजाकडे बोट केलं. शंभूराज म्हणाला, "अम्मा, मला दहावी आहे." मी म्हटलं, "तुझ्या बापाला बारा तासांची पाळी आहे, मला ऑफिस आहे, भूमिकाला सातवी आहे. सगळ्यांना काही तरी आहे." माझा आवाज चढला होता. नंदकिशोर हसायचे थांबले. ते वाईट माणूस नाहीत, कधी हात उगारला नाही, कधी पगाराचं विचारलं नाही, आणि हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा स्वतःला सांगितलं आहे की आता त्याचाही वीट आला आहे. ते म्हणाले, "हे बघ, जायचं तर जा, मी नको म्हणतोय का? पण असं लोकांना दाखवायला... भूमिकाचं घाल ना. तिला चपात्या येतात, अण्णांना पण तिच्या हातचं चालतं. खरं तरी होईल."

भूमिका दाराच्या चौकटीत उभी होती. कधीची होती देवास ठाऊक. ती पुढं आली, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, उत्साह होता. "मी करते अम्मा. खरंच. मला सगळं येतं. तू जा मैसूरला." आणि तिनं टेबलावरचा पेन उचलला आणि सह्यांच्या रकान्यात आपलं नाव शोधू लागली. वरून खाली. मग खालून वर. "माझं नाव कुठंय?"

मी तिच्या हातातून पेन ओढून घेतला. इतक्या जोरात की तिच्या बोटाला लागलं. "नाही तुझं नाव."

"पण मला येतं ना."

"येतं म्हणूनच नाही."

तिचे डोळे भरले. आपलं काय चुकलं हे तिला कळेना, आणि कळावं असं सांगणं मला जमेना. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मला राग आला होता आणि तो राग तिच्यावर नाही हे हातांना कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. आत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरीला भूमिका सवयीनं आत वळली. मी तिचा दंड धरून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. चौथी शिट्टी झाली. नंदकिशोर माझ्याकडे बघत होते, मी पेन त्यांच्यासमोर ठेवून बसून राहिले. पाचवी. आतल्या खोलीतून मामंजींनी काही तरी विचारलं, त्यांचं बोलणं नीट कळत नाही. डाळ लागल्याचा वास यायला लागला. भूमिका माझ्या हाताखाली चुळबुळ करत होती. सहाव्या शिट्टीला नंदकिशोर खुर्ची मागे सरकवून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आम्ही तिघं ऐकत होतो. आधी नुसती वाफ. मग त्यांचा आवाज आला.

"संध्या, हे बंद करायला कुठल्या बाजूला फिरवायचं?"

शंभूराज फिसकन हसला, आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. सतरा वर्षं. भूमिकानं तोंड उघडलं, मी तिचा दंड दाबला. पुन्हा हाक आली, या वेळी नावाशिवाय, नुसतं "अगं". मग आत खटका वाजला, ज्योत बंद झाल्याचा तो बारीक आवाज झाला, आणि ते बोटांवर फुंकर घालत बाहेर आले. ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच कागद ओढला, माझ्याकडे न बघता, पेन इतका दाबून सही केली की खालच्या टेबलावर तिचा ठसा उठला, दोन ठिकाणी, आणि कागद शंभूराजाकडे ढकलला.

"कर," ते त्याला म्हणाले. "आणि आत ये. करपलंय सगळं."